मोज की

पहाटे साडेपाचला, सिद्धार्थनगरातल्या आमच्या गच्चीवर
उशी दुमडून तिच्यावर बसले,
तर शेजारच्या शेवंताकाकू जिन्यातनंच ओरडल्या,
"पोटात दुखतंय व्हय गं उत्पला? ओवा देऊ?"

तिकडं डंडीत असं कुणी विचारत नाही.
दर गुरुवारी चर्चचा मागचा हॉल भाड्यानं,
बारा माणसं, बारा गाद्या, एक पितळी घंटा,
हीटरवर वाळत घातलेले ओले मोजे,
आणि एल्स्पेथ, जी आठ वर्षं बसून
यंदा शांतिमती झाली.
पहिल्याच दिवशी तिनं विचारलं,
हे नाव तुला कुणी दिलं, कुठल्या गुरूंनी?
म्हटलं, महापालिकेच्या दाखल्यावर आहे.
ती हसली, सगळेच हसले, चांगल्या मनानं.
याच नावाला चौथीत मास्तरांनी
हजेरीपटावरून मान वर करून बघितलं होतं,
आडनावाची वाटसुद्धा न बघता,
हे तेवढं सांगितलं नाही. चहा निवत होता.

तिथला प्रत्येक जण काहीतरी सोडून आलेला:
कुणी दारू, कुणी नवरा, कुणी देव.
आमच्या घरातलं जे सोडायचं ते
आजोबांनी एका दुपारीच सोडलेलं.
मला मिळाली ती धुतलेली पांढरी साडी
आणि लाउडस्पीकर.

आमचा बुद्ध मुका कधी नव्हताच.
तो यायचा ट्रॅक्टरवरनं, निळ्या झेंड्यांतनं,
जनरेटरचा धूर खात,
बिंदू चौकात वळताना त्याचा हार सावरायला
दोन पोरं वर चढलेली असायची.
तो आम्हाला उठून उभं राहायला शिकवायचा.
बसायला मी परमुलखात शिकले,
गोऱ्या माणसांकडनं,
आणि हे कबूल करायला चार हिवाळे गेले.

(तिथल्या रोपांच्या दुकानात तो
खताच्या पोत्यांशेजारी असतो, साडेनऊ पौंडांना, पावसात.
दोनदा रुमालानं पुसलाय.
विकत घेतला नाही.)

आण्णा शिरोलीच्या फौंड्रीत एकतीस वर्षं मोल्डर.
साचे फोडताना उडालेली वाळू
अजून त्यांच्या छातीतच आहे,
एक्सरेत दिसते, तांदळाची कणी सांडल्यासारखी.
काल त्यांना म्हटलं, सकाळी बसा माझ्यासोबत.
काही करायचं नाही. नुसतं श्वासाकडे लक्ष द्यायचं.
हसता हसता त्यांना ढास लागली.
पाणी पिऊन म्हणाले,
"बारा वर्षं डॉक्टर ह्येच सांगतोय.
त्यासाठी विमानानं आलीस व्हय?"

पण आले. भिंतीला पाठ टेकून,
मफलर कानावरनं घेऊन बसले.
एल्स्पेथ म्हणते, श्वास लाटेसारखा येऊ द्या.
तिच्या दारात समुद्र आहे.
आण्णांचा श्वास चाळणीतनं येतो,
आत शिट्टी, बाहेर खरवड,
मधे एक जागा, जिथं काहीच नसतं.
त्या जागेबद्दल तिकडं मी पुष्कळ ऐकलंय,
वहीत लिहूनही घेतलंय.
इथं ती आली की माझा हात
खिशातल्या पंपाकडे जातो.

माझा श्वास कुठं गेला, कळलं नाही.
मी त्यांचेच मोजत होते.
अकरा. बारा. खाली नळाला पाणी आलं,
कळशीचा आवाज, कुणाचं तरी भांडण,
कोल्हापूर नेहमीच्या आवाजात जागं होत होतं.
सोळा.
सतरा.
सतरावर अडकला.

पुढच्या गुरुवारी एल्स्पेथ विचारेल,
घरी सराव झाला का?
तेव्हा काय सांगायचं, माहीत नाही.

अठरा.

डोळे मिटलेलेच ठेवून आण्णा म्हणाले,
"थांबलीस का? मोज की."